कोकणात पहिला कोबॉट बसवताना

लोटे-परशुराम, महाड, रोहा, मिरजोळे, कुडाळ अशा औद्योगिक वसाहती आपल्या किनारपट्टीला आहेत. रसायनांच्या कारखान्यांना जोडलेल्या तपासणी प्रयोगशाळा आहेत, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. या सगळ्या ठिकाणी एका जातीचं काम रोज चालतं: छोटी वस्तू उचलायची, ठरलेल्या जागी ठेवायची, काहीतरी मोजायचं किंवा बसवायचं आणि पुन्हा उचलायची. दिवसभर हेच. करणाऱ्याचं मनगट भरून येतं आणि दुपार कलली की हातून चुका होऊ लागतात. छोटा कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करू शकेल असा यांत्रिक हात, नेमका अशा कामासाठी असतो. असा हात ज्यांनी कधी चालवलेला नाही, पण घ्यायचा विचार सुरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हात विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे. तो उपयोगी पडेल की कोपऱ्यात कापड पांघरून बसेल, हे ठरतं त्याच्या खालच्या टेबलावर, वस्तू धरणाऱ्या जिगवर आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेचा किती बंदोबस्त केला त्यावर. पैसा आणि वेळ आधी तिकडे घाला.

थोडी पार्श्वभूमी. कोबॉटची कल्पना १९९६ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या दोघांनी मांडली. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००५ मध्ये युनिव्हर्सल रोबॉट्स ही कंपनी उभी राहिली आणि तिचा पहिला हात २००८ मध्ये विकला गेला. टेबलावर मावणारे छोटे हात त्यानंतरचे. याच कंपनीचा यूआर३ आणि एबीबीचा दोन हातांचा युमी, दोन्ही २०१५ साली आले. आज चिनी, कोरियन, जपानी आणि भारतीय बनावटीचे हातही बाजारात आहेत.

पहिली पायरी: एकच काम निवडा

"रोबॉट काय काय करतो?" असं विचारत गेलात तर विक्रेता व्हिडिओ दाखवतो आणि आपलं काम बाजूला राहतं. त्यापेक्षा आपल्याच खोलीत आठवडाभर बघत राहा. कोणतं काम सर्वांत जास्त वेळा, एकाच पद्धतीने होतं ते लिहून काढा. पहिल्या कामात तीन गोष्टी जुळायला हव्यात. वस्तूचा आकार दर वेळी तोच असावा. ती सुरुवातीला कुठे असेल हे आपल्याला ठरवता यावं. आणि एखादी वस्तू पडली, फुटली तरी फार बिघडू नये. शेतकऱ्याने आणलेला मातीचा एकुलता एक नमुना पहिल्या महिन्यात हाताच्या ताब्यात देऊ नका.

प्रयोगशाळेसाठी मी कुप्यांचं वजन हे काम सुचवतो. १२ मिलिमीटर व्यासाची, ३२ मिलिमीटर उंचीची एचपीएलसीची (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) साधी कुपी रॅकमधून उचलायची, तराजूवर ठेवायची, वजन संगणकात नोंदवायचं, कुपी परत रॅकमध्ये. काम एवढंसं, पण पकडणं, ठेवणं, दुसऱ्या यंत्राशी बोलणं आणि चूक ओळखणं हे चारही धडे त्यात येतात. जुळणीच्या कारखान्यात प्लास्टिकच्या डबीत सर्किट बोर्ड बसवणं घ्या. स्क्रू लावणं लगेच त्याला जोडू नका. स्क्रू सोपा दिसतो, पण आटे जुळणं, बिटची झीज, किती पिळायचं अशा अनेक भानगडी त्यात आहेत. तो दुसरा टप्पा.

काही कामांना असा हात नकोच. ९६ खणांच्या प्लेटमध्ये नुसतं पिपेटिंग, म्हणजे मोजून थोडं थोडं द्रव घालणं, करायचं असेल, तर ओपनट्रॉन्ससारखं चौकटीवर सरकणारं पिपेटिंग यंत्र साधारणपणे स्वस्त पडतं आणि त्याला शिकवायलाही कमी वेळ लागतो. सपाट जागेवर झटपट उचल-ठेव करायची असेल तर स्कारा प्रकारचा रोबॉट जास्त वेगवान. सांध्यांच्या हाताचं खरं बळ दिसतं ते वेगवेगळी यंत्रं आजूबाजूला ठेवलेली असतात आणि त्यांच्यात ने-आण करायची असते तिथे. लिव्हरपूल विद्यापीठात अँड्र्यू कूपर यांच्या गटाने चाकांवर बसवलेला कुका कंपनीचा हात माणसांच्याच प्रयोगशाळेत सोडला. त्याने ८ दिवसांत ६८८ प्रयोग केले. हे काम २०२० मध्ये नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तिथे यंत्रं माणसांसाठी बनवलेलीच होती. फक्त ती वापरणारा हात वेगळा होता.

दुसरी पायरी: माहितीपत्रक नीट वाचा

तीन आकडे आधी बघा: वजन उचलण्याची क्षमता, पोहोच आणि रिपीटेबिलिटी. उदाहरणार्थ, यूआर३ई (वरच्या यूआर३ ची पुढची आवृत्ती) हा हात ३ किलो उचलतो, ५०० मिलिमीटर पोहोचतो, त्याची रिपीटेबिलिटी ±०.०३ मिलिमीटर आहे आणि त्याचं स्वतःचं वजन ११ किलोच्या आसपास. मेकाडेमिकचा मेका५०० आणखी छोटा. अर्धा किलोच उचलतो, पण ०.००५ मिलिमीटरपर्यंत त्याच जागी येतो. हा मात्र माणसाला स्पर्श झाल्यावर थांबणाऱ्या हातांपैकी नाही, त्याला आडोसा लागतो.

३ किलो म्हणजे वस्तूचे ३ किलो असं समजू नका. त्यात ग्रिपर, म्हणजे टोकाला लावलेला वस्तू पकडणारा पंजाही येतो. बाजारातले अनेक विजेवर चालणारे ग्रिपर एक किलोच्या घरात असतात. स्वयंचलित स्क्रूड्रायव्हर लावलात तर तो एकटाच क्षमतेचा मोठा भाग खातो. शिवाय वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी क्षमता घटते. पोहोचीचंही तसंच. ५०० मिलिमीटरच्या अगदी कडेला हात सरळ ताणला जातो आणि नीट वळू शकत नाही, तर बुंध्याच्या अगदी जवळ तो स्वतःलाच अडतो. कामाचा पट्टा मधला. टेबलाचा आराखडा कागदावर काढा, कंपास घेऊन वर्तुळं काढा आणि सगळी यंत्रं मधल्या पट्ट्यात बसतात का ते पाहा.

रिपीटेबिलिटीबद्दल नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो, म्हणून इथे थांबतो. ±०.०३ याचा अर्थ, शिकवलेल्या बिंदूवर हात पुन्हा पुन्हा तितक्या जवळ परत येतो. आयएसओ ९२८३ या मानकानुसार हे मोजतात. पण आराखड्यातले आकडे बघून "इथून २०० मिलिमीटर उजवीकडे जा" असं लिहिलंत, तर तो बरोबर २०० वर जाईलच असं नाही. ती अचूकता वेगळी गोष्ट आणि तिच्यातली चूक रिपीटेबिलिटीच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून महत्त्वाचे बिंदू प्रत्यक्ष हात तिथे नेऊन शिकवायचे. आणि हात जर त्याच जागी येणार असेल, तर वस्तूही त्याच जागी असली पाहिजे. हा सगळा भार जिगवर येतो.

सांधे किती तेही बघा. चार अक्षांचा हात वस्तू उचलून फिरवतो, पण तिरकी करू शकत नाही. कुपी उचलायला तो पुरेल, कुपीतलं द्रव ओतायला नाही. सहा अक्षांचा दोन्ही करतो. मनगटाची चकती आयएसओ ९४०९-१-५०-४-एम६ या मापाची असेल तर चांगलं. ५० मिलिमीटरच्या वर्तुळावर एम६ ची (६ मिलिमीटरच्या स्क्रूची) चार भोकं, म्हणजे बहुतेक कंपन्यांचे ग्रिपर थेट बसतात.

कोटेशन मागताना हात, ग्रिपर, केबल, स्टँड, प्रशिक्षण आणि इंजिनिअरच्या भेटींचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. इंजिनिअर बहुधा पुण्या-मुंबईहून येणार. पावसाळ्यात घाटात दरड आली की तो दोन दिवस येऊ शकत नाही, हे गृहीत धरून बोला. दूरध्वनीवरून, इंटरनेटवरून मदत मिळेल का, हे खरेदीआधी विचारायचं.

तिसरी पायरी: टेबल, जिग आणि पकड

इथे घाई करू नका. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

कोकणात घरोघरी फणसाच्या लाकडाची जड टेबलं असतात आणि हात त्यावर बसवायचा मोह होतो. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ यांतलं काहीच घेऊ नका. पावसाळ्यात ही सगळी फुगतात, मार्च-एप्रिलला आकसतात, आणि शिकवलेले बिंदू हळूहळू सरकतात. चौकोनी लोखंडी पाइपची वेल्ड केलेली चौकट, तिला चांगला इपॉक्सी रंग आणि वर अ‍ॅल्युमिनियमची जाड, अ‍ॅनोडाइज केलेली प्लेट. प्लेटवर २५ मिलिमीटर अंतराने एम६ ची भोकं पाडून घ्या, म्हणजे जिग हलवायला, बदलायला सोपं जातं. पाय स्क्रूचे असावेत आणि लेव्हल करून लॉक करावेत. जांभ्याच्या चिऱ्यात बोल्ट मारून हात भिंतीला लटकवू नका. चिरा सच्छिद्र असतो, हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो आणि वर लाल धूळ झडते.

तराजू मात्र हाताच्या टेबलावर नको. हाताची प्रत्येक हालचाल टेबलाला किंचित हलवते, आणि दशांश चार स्थळांचा तराजू ते टिपतो. तराजूसाठी शेजारी वेगळं, जमिनीवर स्वतंत्र उभं असलेलं टेबल करा, पण दोन्ही टेबलांमधलं अंतर बदलणार नाही अशी व्यवस्था ठेवा. मी जमिनीवर पायांभोवती स्टीलचे कोन बसवतो. टेबल साफसफाईला हललं तरी परत त्याच जागी बसतं.

जिगचं तत्त्व साधं आहे. वस्तू एका सपाट पृष्ठावर टेकवा, एका बाजूला दोन ठिकाणी अडवा, दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी अडवा आणि स्प्रिंगने तिला त्या कोपऱ्यात ढकलून ठेवा. सगळ्या बाजूंनी घट्ट खाच केली तर वस्तू अडकते, सैल केली तर खुळखुळते. एकाच कोपऱ्यात ढकलली की मापात थोडा फरक असला तरी जागा तीच राहते. प्रयोगशाळेच्या प्लेटचं माप जगभर ठरलेलं आहे: १२७.७६ बाय ८५.४८ मिलिमीटर, ९६ खणांच्या प्लेटमध्ये दोन खणांच्या केंद्रांतलं अंतर ९ मिलिमीटर, ३८४ खणांच्या प्लेटमध्ये ४.५. त्यामुळे प्लेटसाठी एकदा केलेला जिग कुठल्याही कंपनीच्या प्लेटला चालतो. तोंडाशी उतार द्या, म्हणजे एखाद्या मिलिमीटरची चूक वस्तू आपोआप सांभाळून घेते.

धातू निवडताना समुद्र लक्षात ठेवा. साध्या लोखंडाचा जिग आपल्याकडे पाहता पाहता तांबरतो आणि प्रयोगशाळेत त्याला तेल लावून ठेवता येत नाही. ३०४ दर्जाच्या स्टेनलेसलाही क्षारांमुळे बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं. किनाऱ्याच्या अगदी जवळ असाल तर ३१६ चे स्क्रू घ्या. फरक काही शे रुपयांचा पडतो.

ग्रिपर शक्यतो विजेचा घ्या. हवेच्या दाबावर चालणारा स्वस्त असतो, पण आपल्या हवेत कॉम्प्रेसर भरपूर पाणी पकडतो. ड्रायर नसेल तर ते पाणी झडपांमध्ये जातं. कुपीसाठी बोटं ९० अंशांच्या व्ही खाचेची करा, म्हणजे कुपी स्वतःच मध्यभागी येते. ती त्रिमितीय प्रिंटरवर छापून घेता येतात. छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलए ऐवजी पीईटीजी वापरा, कारण पीएलए उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलं तरी मऊ पडतं. कॅमेरा सध्या नको. चांगला जिग असेल तर पहिल्या कामाला त्याची गरज लागत नाही.

चौथी पायरी: वीज, अर्थिंग आणि हवा

यूआर३ई सारखा हात नेहमीच्या कामात सुमारे १०० वॅटच घेतो. घरगुती २३० व्होल्टवर चालतो, थ्री-फेज लागत नाही. प्रश्न किती वीज लागते हा नाही, ती कशी येते हा आहे. व्होल्टेज खाली-वर होतं आणि मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात. म्हणून ऑनलाइन प्रकारचा (सतत स्वतःमार्फत वीज देणारा) यूपीएस आणि त्याच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावा. हात, त्याचा कंट्रोलर (त्याला चालवणारी पेटी), तराजू आणि संगणक एकाच यूपीएसवर हवेत. वीज गेली की हाताचे ब्रेक लागतात आणि तो जागच्या जागी थांबतो, पडत नाही. पण तराजू बंद, संगणक चालू, अशी अर्धवट स्थिती आली की नोंदी विस्कटतात.

अर्थिंग नवं करून घ्या. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक होतो आणि अशा जमिनीचा विद्युतरोध खूप वाढतो. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कुचकामी असू शकतं. इलेक्ट्रिशियनला आयएस ३०४३ या संहितेप्रमाणे काम करायला सांगा आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्या.

कंट्रोलरची पेटी जमिनीवर ठेवू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी चढलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना कारण सांगायला नको. पुराचा धोका नसलेल्या जागीही पेटी टेबलाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

आता हवा. माहितीपत्रकावर आयपी५४ लिहिलेलं असतं. धूळ आणि उडालेलं पाणी यांपासूनचं हे संरक्षण आहे. मिठाबद्दल ते काही सांगत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, ते खिडकीतून आत येऊन प्लग, कनेक्टर, सर्किट बोर्ड यांवर बसतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं, तेच इथे घडतं: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याच्या कितीतरी आधी. मग त्या ओल्या थरातून गंज सुरू होतो, वीज झिरपते, आणि "कधी कधी बंद पडतो" अशा न सापडणाऱ्या तक्रारी येतात. उपाय दोन. खोली बंद ठेवा, समुद्राकडची खिडकी सील करा. आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवणारा डिह्युमिडिफायर लावा. साधं डिजिटल आर्द्रतामापक भिंतीवर टांगा आणि रोजचा आकडा वहीत लिहा.

एसीबद्दल एक इशारा. दिवसभर खोली थंड करून संध्याकाळी एसी बंद केला आणि दार उघडलं की बाहेरची ओली हवा आत येते आणि थंड धातूवर दव धरतं. दार बंदच ठेवा, एसी बंद झाल्यावर डिह्युमिडिफायर चालू राहू द्या.

पाचवी पायरी: सुरक्षितता, हात सुरू करण्याआधी

कोबॉट म्हटलं की तो निर्धोक, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माणसासोबत काम करण्याच्या चार पद्धती मानकांत सांगितल्या आहेत: माणूस आला की थांबणं, माणसाने हाताला धरून नेणं, अंतराप्रमाणे वेग कमी करणं, आणि बळ व वेग मर्यादित ठेवणं. छोटे कोबॉट बहुधा चौथ्या पद्धतीवर चालतात. आयएसओ/टीएस १५०६६ या २०१६ च्या तांत्रिक दस्तऐवजात शरीराच्या भागानुसार सहन होणाऱ्या बळाच्या मर्यादा आहेत. अडकून दाबलं जाण्यासाठी माणसाच्या हात-बोटांना १४० न्यूटन, तर चेहऱ्याला फक्त ६५. आकड्यांतून एक सरळ सूचना निघते: हाताचा मार्ग बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून नेऊ नका.

दुसरी गोष्ट विक्रेते फार बोलत नाहीत. हात सुरक्षित असला तरी त्याच्या टोकाला काय लावलंय ते सुरक्षित असेलच असं नाही. सुई, स्क्रूड्रायव्हरचं बिट, काचेची पिपेट यांचं टोक इतकं बारीक असतं की थोडं बळही कातडी भेदतं. अशा टोकांभोवती झाकण करा किंवा त्या जागी माणूस येणारच नाही अशी मांडणी करा. टेबल आणि कोपराच्या सांध्यात बोट चेमटेल अशा फटी शोधा. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातलं ओळखपत्र बांधून ठेवायचा नियम पहिल्या दिवसापासून. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवा आणि लाल इमर्जन्सी बटण कुणाच्याही हाताशी असू द्या.

लोटे, महाड, रोहा इथल्या प्रयोगशाळांसाठी खास: सामान्य कोबॉट स्फोटरोधक नसतो. हेक्झेन, अ‍ॅसिटोन, इथर यांची वाफ साचू शकते तिथे तो ठेवू नका. फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) नेण्याआधी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घ्या.

सहावी पायरी: हाताला शिकवणं

हात यायच्या आधीच सराव सुरू करता येतो. युनिव्हर्सल रोबॉट्सचा सिम्युलेटर आणि ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, इतर कंपन्यांकडेही असं काही ना काही असतं. आयटीआय झालेली मुलं-मुली हे भराभर शिकतात, असा माझा अनुभव आहे. इंजिनिअरची पदवी लागत नाही. चिकाटी लागते.

हात बसवल्यावर पहिलं काम म्हणजे टोकाची जागा आणि वजन सांगणं. टेबलावर एक टोकदार पिन उभी करा, ग्रिपरचं टोक चार वेगवेगळ्या दिशांनी तिला लावा. त्यावरून हात आपलं टोक कुठे आहे ते काढतो. मग ग्रिपरचं वजन आणि गुरुत्वमध्य भरा. वजन चुकीचं भरलं तर हाताला धरून हलवताना तो आपोआप वर-खाली सरकतो, आणि धक्का लागला नसतानाही "धक्का लागला" म्हणून थांबतो.

आता बिंदू. प्रत्येक जागेसाठी किमान दोन: प्रत्यक्ष पकडण्याचा, आणि त्याच्या साधारण ५० मिलिमीटर वर सरळ उभा असलेला. वरच्या बिंदूपर्यंत हात सांध्यांच्या सोयीने येऊ द्या, तिथून खाली मात्र सरळ रेषेत आणि सावकाश. सरळ रेषेत जाताना हात मध्येच वेगाने गरकन वळला किंवा थांबून तक्रार करू लागला, तर तो अशा स्थितीत आहे जिथे दोन सांधे एका ओळीत येतात. यंत्र किंवा जिग थोडं फिरवून ठेवा. प्रोग्रॅमशी झटापट करण्यापेक्षा ते सोपं.

रॅक किंवा प्लेटचा प्रत्येक खण शिकवायचा नसतो. तीन कोपऱ्यांचे खण शिकवा, बाकीचे हात मोजून काढतो. ९६ खणांच्या प्लेटमध्ये पहिल्या ओळीतल्या पहिल्या आणि बाराव्या खणांतलं अंतर ९९ मिलिमीटर यायला हवं, आणि पहिल्या स्तंभातल्या पहिल्या व आठव्या खणांतलं ६३. पेंडंटवर (हात शिकवायच्या पडद्यावर) यापेक्षा वेगळं दिसलं तर शिकवण्यात चूक आहे, पुढे जाऊ नका.

प्रोग्रॅममध्ये दोन सवयी पहिल्यापासून लावा. पकड झाल्यावर ग्रिपरची बोटं किती मिटली ते विचारा. १२ मिलिमीटरच्या कुपीवर ती पूर्ण मिटली असतील तर कुपी हातात आलेलीच नाही. हाताने थांबून माणसाला बोलवायचं. आणि प्रत्येक कुपी झाल्यावर तिचा क्रमांक लगेच फाइलमध्ये लिहायचा, म्हणजे वीज गेली तरी पुढची कुठली ते कळतं. तराजूवर ठरावीक सेकंद थांबू नका. तराजू स्वतः "स्थिर" असा संकेत पाठवतो, त्याची वाट पाहा. पंख्याचा वारा तराजूवर येत असेल तर तो संकेत येतच नाही. पंखा बंद.

जुळणीत पिन भोकात बसवायची असेल तर बळ जाणणारा सेन्सर उपयोगी पडतो, पण त्याच्याही मर्यादा आहेत. यूआर३ई च्या मनगटातल्या सेन्सरची कक्षा ३० न्यूटन आहे आणि दोन-तीन न्यूटनांच्या बारीक फरकावर त्याचा भरवसा धरता येत नाही. नाजूक पिनांसाठी ग्रिपरच्या बोटाला छोटी स्प्रिंग द्या, भोकाच्या तोंडाला उतार द्या. सर्किट बोर्ड हाताळताना बोटांना स्थिर विद्युत वाहून नेणारं अस्तर हवं.

सगळं लिहून झालं की आधी कुपीविना, दहा टक्के वेगाने चालवा. मग रिकामी कुपी, मग पाणी भरलेली, मग वेग थोडा थोडा वाढवा. खरा नमुना सर्वांत शेवटी.

सातवी पायरी: तपासणी

एक कुपी "संदर्भ कुपी" म्हणून बाजूला ठेवा, झाकण पक्कं बंद. यांत्रिक हाताकडून तिचं वजन दहा वेळा घ्या, मग माणसाकडून दहा वेळा. दोन्ही याद्या शेजारी लिहा. हाताच्या यादीत जास्त विखुरलेपणा असेल तर कुपी तराजूवर तिरकी बसते आहे किंवा टेबल हलतं आहे. पुढे पिपेट लावलीत तर पाण्याच्या वजनावरून तपासणी करा, आयएसओ ८६५५ हे मानक त्यासाठीच आहे. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन २० अंश सेल्सिअसला ९९.८ मिलिग्रॅम भरतं, २८ अंशांना ९९.६. खोलीचं तापमान न लिहिता आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आगोट आणि गणपती

मेच्या शेवटी आपण घरात आगोटीची तयारी करतो तशी हाताचीही करा. सगळे कनेक्टर उघडून कोरड्या ब्रशने साफ करा, हिरवट थर दिसला तर संपर्क साफ करणारा स्प्रे मारा. सांध्यांवरची झाकणं, रबरी कडा तपासा. कंट्रोलरच्या पंख्याचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून लावा. स्टँडचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. प्रोग्रॅमची प्रत दोन पेन-ड्राइव्हवर घ्या, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. ग्रिपरची बोटं, सक्शन कप, फ्यूज, टोकाची केबल हे सुटे भाग जूनच्या आत कपाटात असू द्या.

गणपतीत सगळी माणसं गावी जातात, हात आठवडाभर बंद राहतो आणि हवा तेव्हा फार दमट असते. जाताना ग्रिपर रिकामा करा, हात आखडून ठेवा, वर सुती कापड घाला. प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. कंट्रोलरच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि डिह्युमिडिफायरची नळी थेट मोरीत सोडा, नाहीतर टाकी भरून तो बंद पडेल. परत आल्यावर आर्द्रता ६० टक्क्यांखाली येईपर्यंत हात सुरू करू नका. मग सगळे सांधे सावकाश, कमी वेगाने फिरवा, तीन कोपऱ्यांचे बिंदू पिनने तपासा आणि संदर्भ कुपीची दहा वजनं घेऊन सातव्या पायरीतल्या यादीशी ताडून पाहा. जुळली तर रॅक भरा.